ओव्हनचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण ओव्हन तापत नाही

हौशी_कारागीर

कपाटात बसवलेला विजेचा ओव्हन आहे, ६० सेंमी रुंदीचा, २३० व्होल्टवर चालणारा. डावीकडे मोडचा नॉब, उजवीकडे तापमानाचा, मध्ये डिजिटल घड्याळ. नॉब फिरवला की आतला दिवा लागतो, मागचा पंखा फिरतो, तापमानाचा नारिंगी दिवाही लागतो. पण आत ऊब म्हणून नाही. नुसता खालचा हीटर, ग्रिल, पंख्याचा मोड, कुठेही लावा, तेच. नारिंगी दिवा लागतो तो विझतच नाही. एमसीबी किंवा आरसीसीबी (जादा करंट किंवा गळती झाली की वीज तोडणारे बोर्डावरचे स्विच) पडत नाही, जळका वास नाही. तापमान हळूहळू कमी होत गेलं असंही नाही. चालू असताना मध्येच तापायचा थांबला.

मल्टिमीटर आहे, चिमटा मीटर नाही. खालचा हीटर ऑनलाइन मिळतोय. तो मागवून बदलून टाकावा का, की आधी काही तपासायला हवं?


ओहममित्र

हीटर आत्ता मागवू नका. तुमच्या ओव्हनमध्ये तीन वेगळे हीटर आहेत: तळाच्या पत्र्याखाली एक, छताला ग्रिलचा एक आणि मागच्या पंख्याभोवती गोल एक. तिन्ही एकाच क्षणी जळणं जवळपास अशक्य. तिन्ही गार आहेत म्हणजे बिघाड तिघांच्या सामाईक वाटेवर आहे. फक्त खालून गार राहिला असता तर मीच म्हटलं असतं की हीटर बघा.

सामाईक वाट साधारण अशी: सप्लाय, घड्याळाचा रिले (विजेने उघडबंद होणारा स्विच), मोडचा सिलेक्टर, थर्मोस्टॅट (लावलेलं तापमान आलं की वीज तोडणारा), सेफ्टी कटआउट (फाजील तापलं तर हीटरची वीज तोडणारा), हीटर आणि परत न्यूट्रल. क्रम कंपनीगणिक थोडा बदलतो. काही ओव्हनमध्ये कटआउट न्यूट्रलच्या बाजूला असतो.

काहीही उघडण्याआधी दोन गोष्टी. वीज जाऊन आली की बऱ्याच ओव्हनचं घड्याळ लुकलुकत राहतं आणि वेळ लावून ‘मॅन्युअल’वर, म्हणजे हाताच्या चिन्हावर, आणेपर्यंत ओव्हन तापत नाही. काही मॉडेलांत तेव्हा सगळंच बंद राहतं, काहींत फक्त हीटर. ‘ऑटो’चं चिन्ह दिसत असेल तर तेही काढा. दुसरं म्हणजे डेमो मोड. टचच्या पॅनेलवाल्या ओव्हनमध्ये दुकानात दाखवण्यासाठी तो दिलेला असतो. दिवा, पंखा, आकडे सगळं चालतं, फक्त हीटरला वीज जात नाही. तुमच्याकडे साधे नॉब आहेत, त्यामुळे डेमोची शक्यता कमी. तरी पुस्तिकेत नजर टाका.


जळका_लग

माझा अंदाज थर्मोस्टॅट. नॉबवाल्या ओव्हनमध्ये तोच जातो. बदलून टाका, हाताला दोन स्क्रू आणि एक लांब नळी.


ओहममित्र

@जळका_लग, नारिंगी दिव्याचं काय? तो बहुतेक ओव्हनमध्ये थर्मोस्टॅटच्या पुढे जोडलेला असतो. थर्मोस्टॅटने फेज पुढे सोडला तरच दिवा लागणार. दिवा लागतोय आणि विझत नाहीये, म्हणजे थर्मोस्टॅट ‘अजून तापव’ म्हणतोय आणि त्याच्या पलीकडे कुणीतरी ऐकत नाहीये. मी तरी पलीकडे बघेन.


जळका_लग

मान्य, पण अर्धंच. तो निऑन दिवा असतो. त्याला एक मिलिअँपिअरही लागत नाही. संपर्क जळून काजळी धरली असेल तरी त्यातून निऑन पेटण्याएवढा करंट जातो, हीटरला लागणारे आठ-दहा अँपिअर जात नाहीत. दिवा लागला म्हणून थर्मोस्टॅट निर्दोष ठरत नाही. मोजूनच सोडा त्याला.


चिमटामीटर

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तेव्हा मोजू या. क्रमाने सांगतो.

आधी वीज. नॉब शून्यावर आणणं म्हणजे वीज बंद नव्हे. बऱ्याच ओव्हनमध्ये नॉब एकच तार तोडतो. प्लग काढा. थेट जोडणी असेल तर एमसीबी पाडा, त्यावर चिकटपट्टी लावा म्हणजे घरातलं दुसरं कुणी वर करणार नाही, आणि टर्मिनलवर तीनही जोड्या मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मोजण्याआधी मीटर चालू सॉकेटवर लावून बघा. मेलेल्या बॅटरीचा मीटरही शून्यच दाखवतो.

ओव्हन कपाटातून काढायला दार उघडलं की चौकटीत दोन किंवा चार स्क्रू दिसतात. वजन ३० ते ४० किलो असतं, दोघे जण लागतात. दार आधीच बिजागरीचे खटके उलटे करून उतरवलं तर वजन बरंच कमी होतं. मागचा पत्रा काढताना हातमोजे घाला: कडा ब्लेडसारख्या असतात आणि आत काचलोकर असते.

पत्रा काढला की मीटर हातात घेण्याआधी नुसतं बघा. लग, म्हणजे वायर जोडायचा चपटा धातूचा जोड, तपकिरी किंवा निळसर पडलाय का, वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय का, सिलेक्टरच्या प्लास्टिकला फोड आलाय का. अर्धे बिघाड इथेच सापडतात. काहीही सुटं करण्याआधी मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो काढून ठेवा.

आता हीटर. प्रत्येक हीटरची निदान एक वायर काढा आणि मगच मोजा. वायर लागलेली ठेवून मोजलं तर दिवा, पंखा, दुसरा हीटर यांच्यातून फिरून येणारी वाट मोजली जाते आणि तुटलेला हीटरही जिवंत वाटतो. किती रोध यायला हवा हे हीटरवर ठोकलेल्या वॉटवरून काढता येतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट. २३० व्होल्टला १००० वॉटचा हीटर ५३ ओहम, १२०० चा ४४, २००० चा २६ ते २७, २५०० चा २१. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. मीटर ‘ओएल’ किंवा ‘१’ दाखवत असेल तर हीटर तुटलाय.

मीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. पुष्कळ मीटर ठरावीक मर्यादेच्या वर, म्हणजे तीस-पन्नास ओहमच्या पुढे, बीप देतच नाहीत. १००० वॉटचा चांगला हीटर त्यांच्या लेखी गप्प राहतो आणि माणूस नवीन आणायला धावतो. २०० ओहमची रेंज लावा आणि आकडा वाचा. आधी मीटरच्या दोन टोचण्या एकमेकींना टेकवून जे दिसेल, ०.३ वगैरे, ते वजा करा.

मग प्रत्येक हीटरच्या टर्मिनलपासून त्याच्या धातूच्या नळीपर्यंत, सगळ्यात मोठ्या रेंजवर. तिथे काहीही दिसता कामा नये. ओव्हनच्या प्लगच्या अर्थपिनपासून पत्र्यापर्यंत मात्र एक ओहमच्या आत यायला हवं.

शेवटी कटआउट. ओव्हनच्या पाठीवर किंवा वरच्या पत्र्यावर, बटणाएवढी गोल चकती, दोन लग, दोन स्क्रू. गार असताना ती जोडलेली असते, म्हणजे अर्ध्या ओहमच्या आत. एक लग काढून मोजा. काही चकत्यांच्या मध्यभागी बारीक दांडी असते. ती दाबल्यावर ‘टक’ झालं तर कटआउट पडलेला होता.

थर्मोस्टॅट: नॉब २०० अंशांवर ठेवून त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. पाच-दहा ओहम दाखवत असेल तर @जळका_लग यांची काजळी खरी.

एक सूचना. प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांमध्ये ओहम मोजून सगळं एका दमात तपासण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी दिलेली असते. यांत्रिक टायमर असेल तर ती चालते. डिजिटल घड्याळाचा रिले मात्र वीज नसताना उघडा असतो, त्यामुळे पिनांवरून हीटर दिसणारच नाहीत. तुमच्या ओव्हनला ही युक्ती लावू नका.


पाना_पेचकस

टेस्टरबद्दल थोडं. चालू ओव्हनमध्ये हीटरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला आणि दोन्हीकडे पेटला तर ‘करंट तर येतोय, मग हीटरच खराब’ असं म्हणतात. नेमकं उलटं आहे. हीटर तुटलेला असता तर एकाच टोकाला पेटला असता. दोन्ही टोकांना पेटतोय म्हणजे हीटर सलग आहे, फेज त्यातून आरपार येतोय आणि परतीची न्यूट्रलची वाट तुटलीय. कारण समजावं म्हणून सांगतोय. उघड्या ओव्हनमध्ये वीज चालू करून हे करू नका, वर दिलेल्या गार मोजणीतून तेच उत्तर मिळतं.

शिवाय सप्लाय. हीटर लागायच्या क्षणी दिवा मंद होत असेल किंवा घड्याळ विझत असेल तर दोष ओव्हनमध्ये नाही, सॉकेटमध्ये किंवा टर्मिनलमध्ये सैल स्क्रू आहे. बिनलोडावर मीटर तिथे छान २३० दाखवतो, लोड आला की व्होल्टेज कोसळतं. प्लगच्या पिना काळवंडल्यात का बघा. जिथे १२०/२४० व्होल्टची पद्धत आहे तिथे याचाच चुलतभाऊ भेटतो: दोन गरम तारांपैकी एक गेली की दिवा आणि घड्याळ १२० वर मजेत चालतात, हीटरला २४० मिळत नाहीत.


हौशी_कारागीर

घड्याळ मॅन्युअलवरच आहे, दिवा मंद होत नाही. ओव्हन बाहेर काढून मोजलं, प्रत्येक ठिकाणी एक वायर सोडवून.

खालचा, ११०० वॉट लिहिलंय: ४९ ओहम. ग्रिल, २२०० वॉट: २४.६. गोल, २००० वॉट: २७.१. तिन्हींचं नळीशी काहीच दिसत नाही. अर्थ ०.२. थर्मोस्टॅट २०० वर ०.१. वरच्या पत्र्यावरची चकती: ओएल. मध्ये दांडी नाही. लग चकचकीत आहेत, कुठे जळल्याची खूण नाही.

चकती म्हणजे कटआउट धरून चालू ना? तिचे दोन लग एकमेकांना जोडून ओव्हन चालतो का हे बघितलं तर?


ओहममित्र

हो, सापडला. ११०० ला हिशेबाने ४८, २२०० ला २४, २००० ला २६.५, तुमचे आकडे त्याला धरूनच आहेत. हीटर तिन्ही उत्तम.

लग थेट जोडून चालवू नका, ‘फक्त बघायला’ म्हणूनही नको. बघायचं काही उरलेलंच नाही, मीटरने सांगितलंय. आणि तुमचा कटआउट बहुधा उगाच गेलेला नाही. चालू असताना मध्येच थांबला असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वरच्या पत्र्यापाशी उष्णता वाढली म्हणून त्याने तोडलं. ती का वाढली हे शोधल्याशिवाय नवी चकती लावली तर तीही जाईल.

संशयित क्रमांक एक: वरचा कूलिंग पंखा. आतला, गरम हवा फिरवणारा पंखा वेगळा आणि हा वेगळा. हा ओव्हनच्या डोक्यावर आडवा, लांबट पिंजऱ्यासारखा असतो आणि पॅनेलखालच्या फटीतून हवा बाहेर ढकलतो. प्लग काढलेला असताना बोटाने टिचकी मारा. चार-पाच फेऱ्या मोकळा फिरला पाहिजे. चिकटत, कुरकुरत थांबत असेल तर बेअरिंगमधलं तेल सुकलंय किंवा तूप-तेलाची वाफ बसून डिंक झालाय. फिरत असूनही वीज लावल्यावर चालत नसेल तर मोटरची वाइंडिंग मोजा. पुष्कळ ओव्हनमध्ये या पंख्यासाठी वेगळा छोटा थर्मोस्टॅट असतो, कटआउटसारखाच दिसणारा पण उलटा: गार असताना उघडा, तापल्यावर जोडणारा. तोच अडकला तर पंखा कधी सुरूच होत नाही. त्यावर गार असताना ‘ओएल’ येणं बरोबर आहे. म्हणून नवीन चकती मागवण्याआधी हातातली चकती कुणाची हे वायरी धरत जाऊन नक्की करा: जिची वायर हीटरच्या वाटेवर जाते तो कटआउट, जिची पंख्याच्या मोटरकडे जाते तो पंख्याचा थर्मोस्टॅट.

क्रमांक दोन: दाराचं रबर. एका कोपऱ्यात दबलं किंवा फाटलं की गरम हवा सरळ वर पॅनेलमागे जाते. दार उघडं ठेवून ग्रिल चालवल्यानेही तेच होतं. दार बंद ठेवूनच ग्रिल करा असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर त्याचं कारण हे.

क्रमांक तीन: कपाट. मागून पूर्ण बंद असेल तर पंख्याने ओढायला हवाच नाही. पुस्तिकेतल्या आकृतीत मागची किंवा खालची मोकळी जागा मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती पट्टीने तपासा.

चौथं, तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरायची सवय. खालचा हीटर पत्र्याखाली लपलेला असतो. फॉइलमुळे त्याची उष्णता वर न जाता तिथेच कोंडते. मीना तडकतो, हीटर लवकर जातो आणि कटआउटही पडतो.


जळका_लग

आणि पाचवं, मी थर्मोस्टॅट सोडणार नाही! ०.१ ओहम म्हणजे संपर्क चांगला, हे कबूल. पण त्याच्या तांब्याच्या बारीक नळीत द्रव असतो. तापला की फुगतो आणि संपर्क तोडतो. नळी कुठे चिरली आणि द्रव गळून गेला तर तोडणारंच कुणी उरत नाही, बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये संपर्क जोडलेलाच राहतो. मग ओव्हन तापतच सुटतो आणि शेवटी कटआउट पडतो. मीटरवर असा थर्मोस्टॅट अगदी निरोगी दिसतो.

सोपी परीक्षा: टर्मिनलवर मीटर लावून नॉब ५० अंशांच्या आसपास ठेवा आणि आतल्या टोकाच्या फुगीर दांडीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. ‘टक’ होऊन मीटर ओएल झाला पाहिजे, गार झाल्यावर परत जोडला पाहिजे. नळीला टोकदार घडी पडू देऊ नका, घडीतच ती चिरते.


हौशी_कारागीर

चकती कटआउटच आहे, वायर सिलेक्टरकडे आणि तिथून हीटरकडे जाते. थर्मोस्टॅट ड्रायरने तोडतो आणि परत जोडतोही. कूलिंग पंखा मात्र बोटाने हलवला तर अर्धी फेरीही धड फिरत नाही. रबर ठीक, कपाट मागून उघडं आहे.

मग पंखा आणि कटआउट दोन्ही मागवतो. कटआउट कोणता घ्यावा? चकतीवर तापमानाचा आकडा आहे, पण बाजारात त्याच्या आसपासचे बरेच आकडे दिसतात.


चिमटामीटर

आकडा तोच घ्या, अंशाचा फरक करू नका. वरचा आकडा लावला तर प्लास्टिकचा सिलेक्टर आणि घड्याळ वितळेपर्यंत तो गप्प बसेल. खालचा लावला तर रोजच्या वापरात पडेल. करंट २५० व्होल्टला १६ अँपिअर हवा. आणि गार असताना जोडलेला प्रकार हवा, उघडा नव्हे. दिसायला दोन्ही सारखेच असतात. जुना आपोआप जोडणारा आहे की दांडी दाबून जोडायचा की एकदाच तुटणारा, तोही प्रकार तसाच ठेवा. तुमचा ओव्हन गार होऊनही चकती उघडीच आहे आणि दांडी नाही, म्हणजे एकदाच तुटणारा असण्याची शक्यता जास्त. या प्रकारातल्या काही चकत्या उणे ३५ अंशांच्या खाली गेल्यावर परत जोडतात, म्हणून गारठवणारा स्प्रे मारून त्या जिवंत करणारे कारागीर असतात. एकदा पडलेल्या चकतीवर तसा विश्वास ठेवू नये.

पंख्याला नुसतं तेल देऊन काम चालेल का, हा पुढचा प्रश्न येईलच. शिलाई मशीनचं पातळ तेल त्या उष्णतेत पुन्हा सुकतं. पार्ट येईपर्यंतची सोय म्हणूनही मी ते करणार नाही. नवीन घ्या, घेताना पात्यांची लांबी, मोटर डावीकडे की उजवीकडे आणि फिरण्याची दिशा जुन्याशी जुळवून घ्या. उलट दिशेचा पंखा फिरतो झकास, हवा मात्र धड ढकलत नाही.

जोडताना ६.३ मिमीचा लग घट्ट बसला पाहिजे. हाताने सहज निघत असेल तर पक्कडीने किंचित दाबा किंवा बदला. वायर आखूड पडली तर साधी पीव्हीसी वायर जोडू नका, ती ७० अंशांची असते. सिलिकॉनची १८० पर्यंत टिकते, हीटरच्या अगदी जवळ फायबरग्लास आवरणाची लागते. डाग देऊन जोड करू नका. नेहमीचं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, इन्सुलेशन टेप त्याआधीच गळून पडते. तिथे फक्त दाबून बसवलेले निकेल मुलाम्याचे लग.

सगळं बसवल्यावर, कपाटात ढकलण्याआधी पत्रे आणि अर्थची वायर लावून रिकामा ओव्हन १८० वर अर्धा तास चालवा. आत ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा आणि नारिंगी दिवा विझतानाचा आणि पुन्हा लागतानाचा असे दोन-तीन आकडे टिपून सरासरी काढा. १० ते १५ अंशांचा फरक या प्रकारच्या थर्मोस्टॅटला चालतो. पॅनेलखालच्या फटीतून हवा जाणवली पाहिजे. ओव्हन बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहिला तर तो बिघाड नाही, कॅबिनेट गार करतोय.


पाना_पेचकस

शोधत शोधत इथे पोचणाऱ्यांसाठी. तुमचं यंत्र कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर वरचं काहीही करू नका, आवरण उघडूच नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

टेबलावरचा छोटा ओटीजी असेल तर तिथे टायमर यांत्रिक असतो. तो शून्यावर असेल तर काहीच तापत नाही, मिनिटं भरावीच लागतात. काही ओटीजीत दोन दांड्या एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली की जोडीच गार पडते. दोन्ही एकदम गेल्यासारखं दिसलं तरी प्रत्येक दांडी सुटी मोजा, बहुधा एकीतच दोष निघेल.